कशामागे किती?

एका विहिरीचा व्यास ४ मीटर, पाण्याची खोली ३ मीटर. पाणी निर्जंतुक करायला ब्लीचिंग पावडर किती लागेल?

'पीएसएम'च्या, म्हणजे सामाजिक वैद्यकशास्त्राच्या परीक्षेत हा किंवा याचा एखादा भाऊबंद प्रश्न सहसा टळत नाही. महाराष्ट्रातल्या डॉक्टर, वैद्य आणि परिचारिका होऊ पाहणाऱ्यांना पदवी देणारं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ साली स्थापन झालं. ते नाशिकला, दिंडोरी रोडवर म्हसरूळला आहे. त्या विद्यापीठाचा विद्यार्थी सूत्र पाठ करतो: ३.१४ गुणिले व्यासाचा वर्ग गुणिले खोली, भागिले ४. उत्तर येतं सुमारे ३७.७ घनमीटर, म्हणजे ३७,७०० लिटर. दर हजार लिटरला अडीच ग्रॅम पावडर, म्हणून ९४ ग्रॅम. गुण मिळतात आणि विहीर डोक्यातून जाते.

नाशिकहून पश्चिमेला पेठ किंवा सुरगाण्याकडे निघालं की ती विहीर पुन्हा भेटते. या भागात आणि दक्षिणेला इगतपुरीत पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळतो, आणि एप्रिल-मेमध्ये त्याच पाड्यांवर टँकरची वाट पाहिली जाते. आषाढात ३ मीटर पाणी असलेल्या विहिरीत वैशाखात अर्धा मीटर उरतं. तेव्हा पाणी फक्त ६,२८० लिटर आणि पावडर हवी जेमतेम १६ ग्रॅम. सवयीने ९४ ग्रॅमच टाकली, तर लिटरमागे ५ मिलिग्रॅमच्या आसपास क्लोरीन होतो. असं पाणी तोंडात धरवत नाही. मग हंडा शेजारच्या झिऱ्याकडे वळतो, आणि त्या झिऱ्यात क्लोरीनचा थेंबही नसतो.

हा अडीच ग्रॅमचा आकडा येतो कुठून? ताज्या ब्लीचिंग पावडरीत, गावाच्या भाषेत 'टीसीएल'मध्ये, साधारण ३३ टक्के उपलब्ध क्लोरीन असतो. अडीच ग्रॅमांतून ०.८ ग्रॅम क्लोरीन मिळाला आणि तो हजार लिटरमध्ये पसरला, की लिटरमागे ०.८ मिलिग्रॅम. त्यातला काही भाग पाण्यातला पालापाचोळा, माती आणि जंतू खाऊन टाकतात. तासाभराने ०.५ मिलिग्रॅम शिल्लक राहावा, एवढाच हेतू. हे समजलं की अडीचचा आकडा पाठ करायची गरज उरत नाही. शिवाय तो कधी चुकेल तेही कळतं. तोंड उघडं राहिलेल्या, ओल लागलेल्या पोत्यातून क्लोरीन उडून जातो. टीसीएलमध्ये तो २० टक्क्यांच्या खाली गेला की आरोग्य खातं नमुना नापास करतं. बरोबर २० टक्के उरलेल्या पावडरीचे अडीच ग्रॅम टाकले, तर लिटरमागे सगळा मिळून अर्धा मिलिग्रॅमच जातो, आणि तो पाण्यातल्या घाणीतच खपतो. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक शिल्लक क्लोरीन तपासणारी ओटी टेस्ट करतो आणि पाणी पिवळं होतंय का पाहतो, ते यासाठीच. त्या पिवळ्या रंगात वजन, शेकडेवारी आणि घनफळ या तिन्हींचा हिशेब एकदम तपासला जातो.

विद्यार्थ्याच्या अडचणीचं मूळ इथेच सापडतं. रसायनशास्त्राचा पेपर वेगळा, संख्याशास्त्र वेगळं, बालआरोग्य तिसरीकडे. प्रत्येकाची सूत्रं वेगळ्या वहीत. प्रत्यक्षात यातली बहुतेक उदाहरणं एकाच जातीची असतात: कशाला तरी कशाने तरी भागायचं. लिटरमागे क्लोरीन, लिटरमागे मीठ, किलोमागे औषध, हजार जन्मांमागे मृत्यू. अंश सगळ्यांच्या नजरेत भरतो. चूक होते ती बहुतेक वेळा छेदात.

विहिरीचं पाणी बिघडलं की पुढचं उदाहरण जुलाबाचं. ओआरएसच्या पाकिटावर चार पदार्थ लिहिलेले असतात: मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम. एकूण २०.५ ग्रॅम, एक लिटर पाण्यासाठी. हे विचित्र अपूर्णांक पाठ करताना विद्यार्थी वैतागतात. अकरावीचं मोल प्रकरण आठवलं तर मात्र गंमत येते.

सोडियम क्लोराइडचं रेणुभारमान ५८.५. त्यामुळे २.६ ग्रॅम म्हणजे सुमारे ४४.५ मिलिमोल. सायट्रेटचं २९४, म्हणून २.९ ग्रॅम म्हणजे जवळजवळ १०. पण त्याच्या एका रेणूत सोडियम तीन, म्हणजे आणखी ३० मिलिमोल सोडियम. बेरीज ७५. आता ग्लुकोज: १३.५ ग्रॅमला १८० ने भागलं की पुन्हा ७५. ग्रॅममध्ये पाहिलं तर मीठ आणि साखर यांचं प्रमाण ओबडधोबड वाटतं. रेणू मोजले तर सोडियम आणि ग्लुकोज अगदी बरोबरीने उभे असतात. पोटॅशियम २०, क्लोराइड ६५, सायट्रेट १०. सगळे मिळून २४५. पुस्तकात 'ऑस्मोलॅरिटी २४५' असा जो आकडा येतो, तो या पाच संख्यांची बेरीज आहे, बाकी काही नाही.

बरोबरी कशासाठी? आतड्याच्या आतल्या आवरणात एक प्रथिन असतं. ते ग्लुकोज आत घेताना सोडियमलाही सोबत घेतं. दोघं आत गेले की मागोमाग पाणी जातं. रॉबर्ट क्रेन या जीवरसायनशास्त्रज्ञाने ही जोडीची कल्पना १९६० साली प्रागच्या परिषदेत मांडली. पटकीत किंवा साध्या जुलाबात आतड्याची इतर कामं कोलमडली तरी हा दरवाजा चालू राहतो. नुसतं मिठाचं पाणी पाजलं तर तो उघडत नाही, नुसतं साखरपाणी पाजलं तर सोडियमची तूट भरून निघत नाही.

या रसायनशास्त्राची खरी परीक्षा झाली १९७१ साली, पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत. बांगलादेशच्या युद्धातून आलेल्या लोकांत पटकी पसरली आणि शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी कोलकात्यात मीठ, खायचा सोडा आणि ग्लुकोज मोजून पिशव्या भरून घेतल्या, पिंपांत द्रावण तयार केलं आणि ते पाजायचं काम नातेवाइकांवर सोपवलं. तोवर तीसच्या आसपास असलेलं मृत्यूंचं प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आलं. 'लॅन्सेट'ने १९७८ मध्ये या शोधाला शतकातली कदाचित सर्वांत महत्त्वाची वैद्यकीय प्रगती म्हटलं. महालनबीस २०२२ मध्ये गेले. पद्मविभूषण त्यांना पुढच्या वर्षी, मरणोत्तर मिळालं. आपल्याकडे असंच चालतं.

जुन्या पाकिटात सोडियम ९० आणि ग्लुकोज १११ होतं, बेरीज ३११. रक्ताची ऑस्मोलॅरिटी २९० च्या आसपास असते. म्हणजे आतड्यातलं द्रावण रक्तापेक्षा किंचित दाट होतं. ते २४५ वर आणल्यावर मुलांच्या उलट्या कमी झाल्या आणि सलाइन लावावं लागण्याचं प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने घटलं. म्हणून जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी २००२ साली सूत्र बदललं.

आता छेद. घरात लिटरचं माप नसतं. आई एक लिटरचं पाकीट पेल्यात, २०० मिलिलिटर पाण्यात कालवते; 'औषध जरा कडक असलेलं बरं' हा विचारही त्यामागे असतो. अंश तोच, छेद पाचपट लहान. सोडियम ३७५, एकूण १,२२५. एवढं दाट द्रावण आतड्यात गेलं की पाणी रक्तातून आतड्याकडे खेचलं जातं, आणि जुलाब थांबवायला दिलेलं औषध जुलाब वाढवतं. उलट दोन लिटरमध्ये विरघळवलं तर मीठ पुरत नाही. २०० मिलिलिटरची छोटी पाकिटं निघाली ती याच कारणाने. पण त्यामुळे 'एक पाकीट, एक पेला' ही सवय मोठ्या पाकिटालाही लागण्याचा धोका आहेच. पाकीट देताना एक लिटरची रिकामी पाण्याची बाटली दाखवणारी आशाताई या बाबतीत पाठ्यपुस्तकाच्या पुढे असते.

नावात 'ओआरएस' मिरवणारी फळांच्या चवीची पेयं औषधांच्या दुकानांत वर्षानुवर्षं विकली जात होती. अन्नपदार्थांच्या नावात हा शब्द वापरायला एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली. त्यामागचा युक्तिवाद वरच्याच गणिताचा आहे. फळांच्या रसात लिटरमागे साधारण १०० ग्रॅम साखर असते. ती सगळी ग्लुकोज-फ्रुक्टोजच्या रूपात धरली तर ५५५ मिलिमोल होते, आणि सोडियम नावालाच. हैदराबादच्या एका बालरोगतज्ज्ञांनी हे वर्षानुवर्षं सांगितलं, न्यायालयापर्यंत नेलं. भागाकार एका ओळीचा होता. तो मान्य व्हायला काही वर्षं गेली.

जुलाबासोबत तापही असतो, आणि तिथे छेदाला किलो येतात. पॅरासिटामॉल साधारणपणे किलोमागे १५ मिलिग्रॅम. आठ किलोच्या बाळाला १२० मिलिग्रॅम. ज्या सिरपच्या ५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅम औषध असतं, त्याचा एक चमचा बरोबर बसतो. पण हेच औषध थेंबांच्या बाटलीत मिलिलिटरमागे १०० मिलिग्रॅम असतं. त्याचे फक्त १.२ मिलिलिटर हवेत. थेंबांच्या बाटलीतून चमचाभर दिलं तर बाळाच्या पोटात एकदम ५०० मिलिग्रॅम जातात, चौपटीहून जास्त. रंग तसाच, वास तसाच, नाव तेच. बाटलीवर 'प्रति' या शब्दानंतर जे लिहिलेलं असतं ते वाचायचं, एवढाच यावर उपाय.

किलोमागे औषध द्यायचं तर किलो नीट मोजायला हवेत. इथून संख्याशास्त्र सुरू होतं.

अंगणवाडीत एका वर्षाची मुलगी ६.२ किलो भरते. बरी की वाईट? १९९७ ते २००३ या काळात जागतिक आरोग्य संघटनेने ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतली सुमारे साडेआठ हजार मुलं मोजली. भारतातली मुलं दिल्लीची होती. निवडलेली मुलं स्तनपानावर वाढलेली, सुस्थितीतल्या घरांतली. या मोजणीवर आधारलेले तक्ते २००६ मध्ये आले. त्यांत एका वर्षाच्या मुलीचं मधलं वजन ८.९ किलो, उणे दोन प्रमाण विचलनाची रेषा ७.० वर आणि उणे तीनची ६.३ वर. आपली मुलगी तिसऱ्या रेषेच्याही खाली आहे, म्हणजे तीव्र कमी वजनाची.

'झेड स्कोअर'चं नाव ऐकून विद्यार्थी दचकतात, पण तो प्रश्न साधा आहे: हे मूल मध्यापासून किती पावलं दूर आहे, आणि एक पाऊल केवढं? निरोगी मुलांच्या गर्दीत उणे दोनच्या खाली शेकडा २.३ मुलं निसर्गतःच असतात, उणे तीनच्या खाली शेकडा ०.१३. आता २०१९ मध्ये महाराष्ट्रात झालेली राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची पाचवी फेरी घ्या. पाच वर्षांखालची उंचीच्या मानाने वजन कमी असलेली मुलं २५.६ टक्के, त्यांतली तीव्र गटातली १०.९ टक्के. 'आदिवासी मुलं मुळातच बारीक असतात' असं म्हणणाऱ्याला हा ०.१३ चा आकडा दाखवावा. काही मुलं मुळात बारीक असतातच, पण किती, तेही तक्त्यात लिहिलेलं आहे. महाराष्ट्रातला आकडा त्याच्या ऐंशी पटींहून मोठा आहे, आणि हा आकडा एकट्या पेठ-सुरगाण्याचा नाही, सबंध राज्याचा आहे.

तरीही १०.९ वर डोळे मिटून विश्वास ठेवू नये, हेही संख्याशास्त्रच सांगतं. मोजमापातल्या चुका दोन्ही बाजूंना सारख्याच होतात, म्हणून त्या एकमेकींना खोडतात, असा समज असतो. सरासरीपुरता तो खरा आहे. टोकाच्या गटासाठी तो खोटा आहे. समजा एका तालुक्यातल्या १,००० मुलांचा सरासरी झेड स्कोअर उणे १ आहे आणि विचलन १. मग उणे तीनच्या खाली २३ मुलं येतील. आता मोजणी ढिसाळ झाली: काटा शून्यावर आणलेला नाही, मूल रडून हात-पाय झाडतंय, दोन वर्षांखालच्या बाळाची लांबी झोपवून मोजायची ती उभं करून मोजली. सरासरी तशीच राहिली असं धरलं, तरी विचलन १ वरून १.२ होतं. तेवढ्याने उणे तीनच्या खालची मुलं २३ ची ४८ होतात. एकाही मुलाची उपासमार वाढलेली नाही. तीव्र कुपोषण मात्र कागदावर दुप्पट. म्हणून कुठल्याही सर्वेक्षणाचा अहवाल हाती आला की आधी प्रमाण विचलन पाहावं आणि मग टक्केवारी.

दंडघेराची पट्टी या सगळ्या कटकटीतून थोडी सुटका करते. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंडघेर ११.५ सेंटिमीटरहून कमी असेल तर तीव्र कुपोषण. काटा नको, वय नको, तक्ता नको. शिवाय दोन्ही पावलांवर अंगठा दाबून खड्डा राहतोय का, तेही पाहायचं. सूज असलेलं मूल वजनात 'हिरव्या' रंगात दिसू शकतं. ते वजन पाण्याचं असतं.

मृत्यूंचे आकडे सर्वांत अवघड, कारण तिथे शांतपणे भागाकार करायला कुणाचं मन होत नाही. सप्टेंबर २०१७ मध्ये नाशिकच्या जिल्हा रुग्णालयाची बातमी देशभर गाजली: नवजात बालकांच्या विशेष कक्षात ऑगस्टमध्ये ५५ बाळं दगावली, एप्रिलपासून पाच महिन्यांत १८७. एकेका वॉर्मरवर एकाहून जास्त बाळं ठेवावी लागत असल्याचंही समोर आलं. एका बाजूने हलगर्जीपणाचा आरोप झाला, दुसऱ्या बाजूने उत्तर आलं की बाळं अपुऱ्या दिवसांची, कमी वजनाची आणि शेवटच्या घटकेला दाखल केलेली होती.

संख्याशास्त्राचा विद्यार्थी इथे काय करील? आधी वजाबाकी. १८७ मधून ५५ गेले, उरले १३२. एप्रिल ते जुलै दरमहा सरासरी ३३. अशा घटनांच्या संख्येत योगायोगाने होणारा चढउतार त्या संख्येच्या वर्गमुळाएवढा धरतात. ३३ चं वर्गमूळ पावणेसहाच्या आसपास. ऑगस्टचा आकडा सरासरीपेक्षा २२ ने जास्त, म्हणजे जवळजवळ चौपट विचलन. 'असं कधीकधी होतं' हे उत्तर इथे चालत नाही. ऑगस्टमध्ये काहीतरी वेगळं घडलं होतं. पण काय, ते अंशावरून कळत नाही. त्या महिन्यात किती बाळं दाखल झाली? त्यांतली दीड किलोखालची किती? बाहेरून पाठवलेली किती? ज्या कक्षात आजूबाजूच्या तालुक्यांतली सर्वांत अशक्त बाळं येतात, तिथलं मृत्यूंचं प्रमाण खासगी प्रसूतिगृहापेक्षा जास्तच असणार, डॉक्टर कितीही चांगले असले तरी. आणि एका वॉर्मरवर तीन बाळं ठेवली की एकाचा जंतुसंसर्ग तिघांचा होतो, हेही तितकंच खरं. यातलं कोणतं कारण किती, हे ठरवायला चार-पाच छेद लागतात. बातम्यांत गाजला तो अंशच.

उलट प्रकारही घडतो. आदिवासी भागात एका प्राथमिक आरोग्य केंद्राखाली साधारण २० हजार लोक येतात, वर्षाला धरा ४०० जन्म. एका वर्षी १० अर्भकमृत्यू झाले, म्हणजे हजारी २५. पुढच्या वर्षी १४, म्हणजे हजारी ३५. बालमृत्यूंत ४० टक्के वाढ! वैद्यकीय अधिकाऱ्याला नोटीस निघू शकते. पण १० चं वर्गमूळच तीनच्या वर आहे. चारचा फरक नुसत्या योगायोगाच्या आवाक्यातला. कदाचित नव्या परिचारिकेने घरी झालेले मृत्यूही इमाने नोंदवले असतील. डॉ. अभय बंग यांच्या पुढाकाराने झालेल्या 'कोवळी पानगळ' या अहवालाने सरकारी नोंदींतून किती बालमृत्यू निसटतात ते दाखवून दिलं होतं. जिथे नोंद सुधारते तिथे आकडा आधी बिघडतो.

छेद नीट धरला तर काय होऊ शकतं, याचं सर्वांत चांगलं उदाहरणही बंग दांपत्याच्याच कामातलं आहे. गडचिरोलीत 'सर्च' संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवलं. तुलनेसाठी ४७ गावं तशीच ठेवली. दोन्हीकडचे सगळे जन्म आणि सगळे मृत्यू मोजले. निकाल १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले. सेवा दिलेल्या गावांत नवजात मृत्युदर हजारी ६२ वरून तिसऱ्या वर्षी २५.५ झाला; तुलनेच्या गावांत तो ५८ चा जवळपास ६० झाला. घाईतला विद्यार्थी ३६.५ भागिले ६२ करून ५९ टक्के घट असं लिहील. तुलनेच्या गावांत दर दोनने वाढला, तो धरला तर ३८.५ भागिले ६२, म्हणजे ६२ टक्के. तुलनेची गावं नसती तर 'काळच सुधारला' हा आक्षेप खोडायला काहीच हाती उरलं नसतं.

त्या निबंधात आणखी एक भागाकार आहे, आणि तो या सगळ्या चर्चेतला बहुधा सर्वांत उपयोगी: काळजी घेतलेल्या दर १८ बाळांमागे एक मृत्यू टळला, पोटातला किंवा जन्मानंतरचा. २०११ पासून हीच पद्धत आशाताईंमार्फत देशभर लागू झाली. प्रसूती दवाखान्यात झाली असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी भेट. घरी झाली असेल तर पहिल्या दिवशीही. पिशवीत वजनकाटा, तापमापक आणि श्वास मोजायला घड्याळ. दोन महिन्यांखालच्या बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त भरले, तर ती पुन्हा एकदा पूर्ण मिनिट मोजते, आणि तरी तेवढेच आले तर बाळाला घेऊन आरोग्य केंद्राची वाट धरते.